मध, व्रण आणि विनय : एका समजुतीची तपासणी

गेल्या वर्षावासात एका विहारातील रविवारच्या प्रवचनमालेत ‘विनयपिटकातील औषधविचार’ या विषयावर बोलण्याचा योग आम्हांस आला. प्रवचन संपल्यावर एका वृद्ध उपासिकेने प्रश्न विचारला. त्यांच्या नातसुनेच्या हातावर कढईतले तेल उडून हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. शेजारच्या एका गृहस्थांनी दवाखान्यात जाण्याऐवजी मध लावावयास सांगितले आणि वर, “हे बुद्धांनीच सांगून ठेवले आहे,” अशी पुस्तीही जोडली. सुदैवाने घरच्यांनी पोरीला दवाखान्यात नेले व हात बरा झाला. परंतु आजींच्या मनात ती गोष्ट राहून गेली होती. “सर, हे खरंच बुद्धांनी सांगितलंय का?” एवढेच त्यांना जाणून घ्यावयाचे होते.

आम्ही तत्काळ होकार दिला. पाच भेसज्जांमध्ये मधाचा समावेश आहे, विनयात जखमांच्या उपचारांचे प्रकरण आहे, तेव्हा दोहोंचा सांधा असणारच, असे आम्ही गृहीत धरले. घरी येऊन महावग्ग पुन्हा उघडला तेव्हा आपण न वाचताच उत्तर दिले, हे आमच्या ध्यानात आले. प्रस्तुत लेख हा त्या चुकीच्या दुरुस्तीतून निघालेला आहे. अशी विधाने आपल्या पुस्तिकांतून व व्याख्यानांतून वारंवार केली जातात, आणि ऐकणारा माणूस त्यांवर विसंबून आपल्या घरातील भाजलेल्या माणसाचे काय करावयाचे ते ठरवितो. म्हणून ग्रंथात नेमके काय आहे व काय नाही, हे स्वच्छपणे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम पाच भेसज्जांचा संदर्भ पाहू. महावग्गाचा सहावा खंधक हा भेसज्जक्खंधक होय. त्याच्या आरंभी भगवान सावत्थी येथे जेतवनात विहरत असल्याचा प्रसंग आहे. शरद ऋतूतील आजाराने भिक्खू ग्रासले होते. प्यालेली पेज उलटे, खाल्लेले अन्न उलटे. ते कृश, रूक्ष व पांढुरके झाले आणि त्यांच्या अंगावरच्या शिरा दिसू लागल्या. तेव्हा तथागतांनी असा विचार केला की, लोकांत औषध म्हणून मान्य असलेले, शरीराला आधारही देणारे, परंतु भरड अन्नात ज्याची गणना होत नाही असे काय आहे? त्यातून सप्पि म्हणजे तूप, नवनीत म्हणजे लोणी, तेल, मधु आणि फाणित म्हणजे काकवीसारखा उसाचा पाक, या पाच वस्तूंची अनुज्ञा दिली गेली. आरंभी ही अनुज्ञा मध्यान्हापूर्वीच्या काळापुरती होती. परंतु आजारी भिक्खूंना साधे अन्नही पचेना, मग हे स्निग्ध पदार्थ कोठून पचणार? तेव्हा ती काळाची अटही काढून टाकण्यात आली आणि विकाली, म्हणजे मध्यान्हानंतरही ही पाच औषधे घेण्यास मोकळीक मिळाली.

यातील मध पोटात घेण्याचा आहे. तो दुबळ्या झालेल्या देहाला तग धरण्यासाठी दिलेला आहे. त्याचा जखमेशी संबंध नाही, भाजण्याशी तर नाहीच.

तरीही या अनुज्ञेचे महत्त्व कमी लेखता येत नाही. मध ही त्या काळी चैनीची वस्तू होती. पाचित्तिय नियमांपैकी एकोणचाळिसाव्या नियमात तूप, लोणी, तेल, मध, फाणित, मासे, मांस, दूध व दही या नऊ उत्तम भोजनांची यादी आहे. निरोगी भिक्खूने ती स्वतःसाठी मागून खाणे हा अपराध मानलेला आहे. मनुस्मृतीने ब्रह्मचाऱ्यास मध वर्ज्य केला आहे. जैन परंपरेने माश्यांच्या हिंसेमुळे मधाचा निषेध केला. या पार्श्वभूमीवर, आजारी असताना मध घेण्यात दोष नाही, अशी व्यवस्था भिक्खुसंघाने केली. एकच पदार्थ निरोग्याच्या हाती गेला तर लोभाचा विषय आणि रोग्याच्या हाती गेला तर औषध, असा हा विवेक आहे. विनयाने मधाची व्याख्याही करून ठेवली आहे. मध म्हणजे माश्यांचा मध, एवढीच ती व्याख्या आहे.

आता त्याच खंधकातील व्रणोपचाराकडे वळू. एका भिक्खूला गळू झाले होते. तेवढ्या निमित्ताने उपचारांची जी मालिका येते ती मुळातूनच वाचण्यासारखी आहे. गळू फोडण्यासाठी शस्त्रकर्माची अनुज्ञा दिली गेली. मग धुण्यासाठी तुरट काढ्याचे पाणी लागले, ते मान्य झाले. त्यानंतर तिळाचा कल्क, त्यावर बसविण्याची घडी, ती बांधावयाची व्रणबंधनाची पट्टी. जखमेला खाज सुटली तेव्हा मोहरीची पूड शिंपडण्याची मुभा मिळाली. जखम ओलसर राहू लागली तेव्हा धुरी देण्याची मुभा मिळाली. मांस वर आले ते मिठाच्या खड्याने कापून टाकण्यास सांगितले. जखम भरेना तेव्हा व्रणतेल आले. ते तेल ओघळू लागले तेव्हा ते टिपण्यासाठी कापडाची मुभा आली. कोठेही आधी सिद्धांत मांडून मग उपचार सांगितलेला नाही. अडचण निर्माण होते, ती भगवंतांसमोर मांडली जाते, अनुज्ञा मिळते, आणि दुसऱ्या दिवशी त्या उपचारातूनच नवी अडचण उभी राहते. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या माणसाने लिहिलेली टिपणवही वाचावी, तसे हे प्रकरण वाटते.

परंतु या संपूर्ण मालिकेत मध नाही. तीळ आहे, मोहरी आहे, मीठ आहे, तेल आहे. मध मात्र कोठेच येत नाही. आम्ही जीवकाची कथाही या दृष्टीने पुन्हा पाहिली. महावग्गाच्या आठव्या खंधकात जीवकाने केलेले उपचार सविस्तर आलेले आहेत. साकेतच्या श्रेष्ठीपत्नीस त्याने नाकावाटे औषधी तूप दिले, बिंबिसाराच्या भगंदरावर लेप लावला, राजगृहाच्या श्रेष्ठीचे मस्तक व वाराणसीच्या श्रेष्ठीपुत्राचे पोट उघडून शस्त्रक्रिया केल्या. तेथेही जखमेवर मध लावल्याचा उल्लेख नाही.

मग मध आणि बुद्ध यांची सांगड लोकमनात इतकी घट्ट कशी बसली? त्याचे उत्तर औषधात नसून दानात आहे, असे आम्हांस वाटते. बोधिप्राप्तीनंतर भगवंतांना प्रथम आहार अर्पण करणारे तपुस्स व भल्लिक हे व्यापारी होते आणि त्यांनी दिलेल्या आहारात सातूबरोबर मधाचे लाडू होते. पारिलेय्यक वनात माकडाने मधाचे पोळे अर्पण केल्याची कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. विनयात त्या वनातील हत्ती भेटतो, माकड भेटत नाही, एवढा फरक अभ्यासकांनी लक्षात ठेवावा. वैशालीच्या माकडाने मधाचे पात्र दिल्याचा प्रसंग सांचीच्या तोरणावर कोरलेला आहे. बांगलादेशातील चट्टग्रामच्या बौद्ध समाजात भाद्रपद पौर्णिमा ‘मधुपौर्णिमा’ म्हणून साजरी होते व त्या दिवशी विहारात मध दिला जातो. शतकानुशतके चालत आलेल्या या दानपरंपरेमुळे मध हा बुद्धांशी जोडला गेला, आणि पुढे ‘बुद्धांनी सांगितलेले औषध’ या शब्दांत पोटात घेण्याचे व अंगाला लावण्याचे औषध यांतील भेद बुजून गेला असावा.

येथवर आल्यावर आम्ही लेखाचा निष्कर्ष नकारार्थी लिहून मोकळे होणार होतो. परंतु एक धागा शिल्लक होता. मधाचा विचार विनयात आणखी एका ठिकाणी येतो आणि ते ठिकाण आजारपणाचे नसून साठेबाजीचे आहे.

राजगृहातील पिलिंदवच्छ थेरांची कथा वाचकांस ठाऊक असेल. बिंबिसाराने त्यांना आरामिक, म्हणजे विहाराचे सेवक दिले होते. त्या सेवकांच्या वस्तीतील एका गरीब मुलीच्या डोक्यावरील गवताची चुंबळ थेरांनी सुवर्णमाला केली. चोरीच्या संशयावरून तिच्या घरच्यांना राजाने बंदीत टाकले. तेव्हा थेरांनी राजाचा प्रासादच सोन्याचा करून दाखविला. लोक प्रसन्न झाले व त्यांनी पाचही भेसज्जे आणून थेरांपुढे ठेवली. थेरांनी ती आपल्या परिवारातील भिक्खूंना वाटून टाकली. त्या भिक्खूंनी मात्र घडे व मडकी भरून ठेवली, गाळण्या आणि पिशव्या भरून खिडक्यांना टांगल्या. ती गळू लागली, विहारात उंदीर माजले, आणि शाक्यपुत्रीय श्रमणांची कोठारे बिंबिसार राजाच्या कोठारांसारखी झाली आहेत, अशी निंदा लोक करू लागले. त्यावरून निस्सग्गिय पाचित्तियांतील तेविसावा नियम झाला. ही पाच औषधे जास्तीत जास्त सात दिवस ठेवून वापरावीत. त्यापुढे ठेवल्यास ती संघापुढे टाकून द्यावी लागतात.

टाकून दिलेल्या औषधाचे पुढे काय करावयाचे, हेही नियमाच्या विवरणात आहे. ज्याचे होते त्याला ते परत मिळते, पण त्याने ते खावयाचे नाही, अंगालाही लावावयाचे नाही. दिव्यासाठी किंवा काळ्या रंगासाठी वापरावे. दुसऱ्या भिक्खूला मात्र ते अंगाला लावण्यासाठी वापरता येते, खाता येत नाही. याचा अर्थ असा की सात दिवस उलटलेले मधाचे मडके भोजनाच्या कक्षेतून बाहेर पडते आणि त्वचेच्या कक्षेत येते. मध सात दिवसांत नासत नाही, हे तर कोणासही ठाऊक आहे. नियम आसक्तीला धरून आहे, नासण्याला धरून नाही.

आणखी एक सूट आहे. सात दिवसांच्या आत भिक्खूने ‘हे मी खाण्यासाठी नव्हे, बाहेरून लावण्यासाठी वापरीन’ असा निश्चय केला, तर सात दिवसांनंतरही दोष लागत नाही. मूळ नियमात केवळ ‘निश्चय करतो’ एवढेच आहे. कशासाठी निश्चय करावयाचा, हे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील ‘समंतपासादिका’ या विनयाच्या अट्ठकथेत उलगडून सांगितले आहे. तूप, तेल वा चरबी असेल तर डोक्याला वा अंगाला लावण्यासाठी, फाणित असेल तर घराला धुरी देण्यासाठी, आणि मध असेल तर ‘अरुमक्खन’ म्हणून.

‘अरु’ म्हणजे व्रण, क्षत. ‘मक्खन’ म्हणजे माखणे. मराठीतील ‘माखणे’ हे क्रियापद त्याच घराण्यातले. मध जखमेला माखण्यासाठी. जो आधार आम्ही व्रणोपचाराच्या प्रकरणात शोधीत होतो, तो साठेबाजीच्या नियमावरील टीकेत एका समासाच्या रूपाने पडून होता.

या एका शब्दावर किती भार टाकावा, याचा विचार केला पाहिजे. समंतपासादिका परंपरेने आचार्य बुद्धघोषांच्या नावावर आहे. ती सिंहलद्वीपात, अनुराधपूरच्या महाविहार परंपरेत, तेथील जुन्या सिंहली अट्ठकथांच्या आधारे रचली गेली. म्हणून ‘अरुमक्खन’ हा शब्द स्वतः तथागतांचा आहे, असे म्हणता येणार नाही. परंतु दुसऱ्या बाजूने पाहता, अट्ठकथाकार येथे काही नवीन औषधी शोध सांगत नाहीत. मध जखमेला लावतात ही गोष्ट वाचकाला माहीतच आहे, असे धरून ते उदाहरण देतात. कायद्याच्या पुस्तकात सहज आलेले उदाहरण हे वैद्यकाच्या पुस्तकातील शिफारशीहून इतिहासकाराला अधिक विश्वसनीय वाटते. शिफारस ही काय करावे ते सांगते. असे उदाहरण लोक प्रत्यक्षात काय करीत होते ते सांगते. तेव्हा पाचव्या शतकापर्यंत थेरवादी विहारांतून मध जखमांवर लावला जात होता, एवढे आम्ही निश्चित मानतो. भाजलेल्या जखमांवर लावला जात होता काय, हे त्या शब्दातून निघत नाही.

भाजण्याचा पद्धतशीर विचार भारतीय वाङ्मयात कोठे असेल तर तो सुश्रुतसंहितेत. सूत्रस्थानाचा बारावा अध्याय अग्निकर्माचा, म्हणजे रोग बरा करण्यासाठी मुद्दाम डाग देण्याचा आहे. त्याच्याच ओघात अपघाताने भाजण्याचे चार प्रकार सांगितले आहेत : प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. कातडी नुसती विवर्ण होऊन होरपळलेली ती प्लुष्ट. फोड येऊन आग, लाली व पाक होतो ते दुर्दग्ध. मांस लोंबू लागते, शिरा व स्नायूंना इजा होते, ज्वर, तहान व मूर्च्छा येते ते अतिदग्ध. आज भाजण्याची खोली ठरविताना डॉक्टर जे पाहतात, त्याच्याशी हे वर्णन पुष्कळसे जुळते. अतिदग्धात लोंबणारे मांस काढून टाकावे, थंड उपचार करावेत, आणि गुळवेलीच्या किंवा कमळाच्या पानांनी व्रण झाकावा, असे सुश्रुत सांगतो. (मुंबईतील डॉक्टरांनी भाजलेल्या जखमा केळीच्या पानांनी झाकण्याचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला, तेव्हा आम्हांस या पानांची आठवण झाली होती.)

मधाच्या दृष्टीने या अध्यायात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. वैद्याने दिलेला डाग नीट बसल्यावर त्यावर मध व तूप माखावे, अशी सूचना आहे. दुसरी गोष्ट मेणाची. सर्व प्रकारच्या भाजण्यांवर भरून येण्यासाठी उत्तम म्हणून जे तूप सांगितले आहे, त्यात ज्येष्ठमध, लोध्र, राळ, मंजिष्ठा, चंदन व मूर्वा यांच्याबरोबर मधूच्छिष्ट, म्हणजे मधाच्या पोळ्याचे मेण आहे. चिकित्सास्थानात ताज्या व मोठ्या जखमांसाठीही मध व तूप यांची योजना आहे. त्याचे कारण दुहेरी दिलेले आहे : क्षताची उष्णता आवरणे आणि कडा सांधणे. मधाच्या अंगी शोधन आणि रोपण, म्हणजे जखम स्वच्छ करणे आणि भरून आणणे हे गुण आहेत, असे सुश्रुत मानतो. तरीही अपघाताने भाजलेल्यांसाठी त्याचे प्रमुख द्रव्य तूप आहे, एकटा मध नव्हे, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे.

सुश्रुतसंहिता आणि बौद्ध विहार यांचा संबंध काय? टीकाकार डल्हण हा संहितेचा प्रतिसंस्कर्ता म्हणून नागार्जुनाचे नाव देतो. यावरून काही लेखक संहिताच बौद्ध ठरवून टाकतात. नागार्जुन या नावाच्या अनेक व्यक्ती होऊन गेल्या. एवढ्या आधारावर इतका मोठा इमला उभारणे आम्हांस मान्य नाही. केनेथ झिस्क यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विनयातील उपचार आणि चरक-सुश्रुतांतील उपचार शेजारी शेजारी ठेवून पाहिले, व श्रमणांच्या, विशेषतः बौद्ध विहारांच्या वातावरणात अनुभवाधारित वैद्यक वाढले, असे प्रतिपादन केले. हा मार्ग आम्हांस अधिक भरवशाचा वाटतो. कारण त्यात नावांची जुळवाजुळव नसून उपचारांची तुलना आहे.

योगायोग असा की त्याच १९९१ साली मधाचा हा विषय पोथ्यांतून उठून महाराष्ट्रातील एका रुग्णालयात येऊन पोहोचला. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यविशारद डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास ब्रिटनमधील शल्यविद्येच्या एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध केला. ५२ रुग्णांना मधाची पट्टी व ५२ रुग्णांना सिल्व्हर सल्फाडायझिनची, म्हणजे त्या काळी जगभर प्रमाण मानल्या गेलेल्या मलमाची पट्टी बांधण्यात आली. मधाच्या गटात ९१ टक्के जखमा सात दिवसांत निर्जंतुक झाल्या. दुसऱ्या गटात सात दिवसांत केवळ ७ टक्के जखमांतील संसर्ग आटोक्यात आला. मधाखाली निरोगी मांसांकुर सरासरी ७.४ दिवसांत दिसले, मलमाखाली १३.४ दिवसांत. पंधरा दिवसांत मधाच्या गटातील ८७ टक्के जखमा भरल्या, दुसऱ्या गटातील १० टक्के. वेदना कमी, व्रण जाड होण्याचे व कातडी आकसण्याचे प्रमाण कमी, खर्च थोडा, असेही त्यांनी नोंदविले.

ज्यांनी शासकीय रुग्णालयातील जळीत कक्ष आतून पाहिला आहे, त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. स्टोव्हचा भडका, पेटलेला पदर, उकळत्या पाण्याचे पातेले, अशा कारणांनी तेथे आलेल्यांत गरीब घरच्या बायका किती असतात, हे आपण जाणतो. त्यांच्या खाटेपाशी रोज बदलावयाच्या पट्टीची किंमत हा प्रश्न औषधाच्या गुणाइतकाच मोठा असतो. डॉ. सुब्रह्मण्यम यांनी पुढील वर्षांत मधाची तुलना कृत्रिम पातळ पापुद्र्याच्या पट्टीशी, गर्भवेष्टनाच्या पडद्याशी आणि उकडलेल्या बटाट्याच्या सालींशीही केली. बटाट्याच्या साली हा आपल्याकडील गरीब रुग्णांसाठी वापरात आलेला उपाय होता. या तुलनांमध्येही मध सरस ठरला.

मध हे कसे करतो, हे आता बरेचसे उलगडले आहे. मधात सुमारे ८० टक्के साखर व जेमतेम पाचवा भाग पाणी असते. त्यामुळे तो जंतूंच्या अंगातील पाणी ओढून घेतो. तो आम्ल असतो. माश्यांनी त्यात घातलेले ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर जखमेच्या ओलाव्यात जागे होते व हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करीत राहते. हा जंतुनाशक घटक म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडच होय, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९६३ साली दाखविले. न्यूझीलंडच्या मानुका मधात याखेरीज मिथाइलग्लायॉक्साल हे द्रव्यही भरपूर असते. तेथील वायकाटो विद्यापीठाचे पीटर मोलन यांनी मधाच्या जंतुनाशक गुणांवर आपली सारी हयात वेचली. मध तापविला तर हे विकर नष्ट होते. म्हणून जखमेसाठी वापरावयाचा मध उकळून नव्हे तर गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. आयुर्वेदानेही मध तापविण्याची मनाई केलेली आहे, हे वाचकांस आठवेल. मात्र सुश्रुताचे कारण निराळे आहे. विषारी फुलांवर बसणाऱ्या माश्या मध करतात, म्हणून उष्णतेशी त्याचा विरोध आहे, असे तो म्हणतो. दोघांची मनाई जुळली म्हणून दोघांची कारणेही एकच ठरविण्याचा मोह आपल्याकडे फार आहे. तो टाळावा.

आता या कथेचा तो भाग, जो व्याख्यानांतून सांगितला जात नाही. ज्या शल्यविशारदांनी मधाची महती जगाला दाखविली, त्यांनीच १९९९ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम प्रमाणात भाजलेल्या रुग्णांपैकी काहींची जळालेली त्वचा लवकर थराथराने काढून त्वचारोपण केले आणि काहींना मधाची पट्टी बांधली. निष्कर्ष मधाच्या विरुद्ध गेला. लवकर केलेले त्वचारोपण श्रेष्ठ ठरले, आणि तसे त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच लिहिले. आपल्याच आवडत्या औषधाविरुद्धचा निकाल छापणाऱ्या या संशोधकाविषयी आमचा आदर तो निबंध वाचून वाढला.

पुढे वैद्यकीय चाचण्यांचे परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने मधाविषयीच्या सर्व चाचण्या एकत्र तपासल्या. २०१५ च्या त्यांच्या आढाव्यात २६ चाचण्या व ३,०११ रुग्ण होते. त्वचेची पूर्ण खोली न जळालेल्या जखमा रूढ पट्ट्यांपेक्षा मधाने सुमारे चार ते पाच दिवस लवकर भरतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. खोल भाजलेल्या जखमांत मात्र शस्त्रक्रियेच्या तुलनेत मधाने विलंब होतो. भाजण्यावरील बऱ्याच चाचण्या एकाच संशोधकाच्या व एकाच ठिकाणच्या आहेत, हा आक्षेपही परीक्षकांनी नोंदविलेला आहे. सोलापूरचे नाव निघाले की आपल्याला अभिमान वाटतो. पण तेच काम दुसऱ्या गावी, दुसऱ्या हातांनी पुन्हा व्हावे, ही त्यांची अपेक्षा रास्त आहे.

या सर्व चाचण्यांतील मध रुग्णालयात, स्वच्छ केलेल्या जखमेवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावला गेला होता, हेही विसरता येत नाही. घरातील बाटलीची गोष्ट निराळी. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातील १३ छापांचा मध तपासला, तेव्हा त्यांच्या सर्व कसोट्यांना त्यांपैकी तीनच उतरले. उत्पादकांनी हा निष्कर्ष नाकारला. वाद काहीही असो, बाटलीत मध किती व साखरेचा पाक किती हे ज्याला ठाऊक नाही, त्याने ती उघड्या मांसावर रिती करू नये.

हे सर्व जुळवून आम्ही पुन्हा त्या विहारात गेलो. मागचे उत्तर चुकले होते, हे उपासक-उपासिकांसमोर सांगितले. मध हे बुद्धांनी आजारी माणसाला पोटात घेण्यासाठी दिलेले औषध आहे. जखमेला माखण्याचा मध पुढील काळातील अट्ठकथेत येतो. भाजलेल्यावर मधाचा उपयोग आहे, पण तो केव्हा व कोणत्या जखमेवर हे डॉक्टरांनी ठरवावयाचे आहे. घरात कोणी भाजले तर आधी वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे तो भाग धरावा, बर्फ लावू नये, तूप, शाई, टूथपेस्ट किंवा मध यांपैकी काही फासू नये, स्वच्छ कापडाने झाकून दवाखान्यात न्यावे, असेही सांगितले.

आजी पहिल्याच ओळीत बसल्या होत्या. त्यांनी थोडा विचार करून विचारले, “मग सर, पाण्याचं तरी पुस्तकात आहे का?”

या वेळी आम्ही लगेच उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी चुल्लवग्ग बरोबर घेऊन गेलो. पाचव्या खंधकात जंताघराचे, म्हणजे भिक्खूंच्या उष्ण स्नानगृहाचे प्रकरण आहे. तेथे आगीने तोंड पोळते, म्हणून तोंडाला माती लावण्याची अनुज्ञा मिळाली. मग आगीने अंग पोळते, अशी तक्रार आली, तेव्हा आत पाणी नेण्याची अनुज्ञा मिळाली. भिक्खू ते पाणी ताटल्यांतून व भिक्षापात्रांतून नेऊ लागले, म्हणून पाणी ठेवण्याची जागा आणि पाणी घेण्याचे भांडेही मान्य झाले. ही व्यवस्था स्नानगृहातील धगीपुरती आहे, भाजलेल्या जखमेची नव्हे, हे आम्ही आजींना सांगितले. त्यांनी तो उतारा पुन्हा एकदा वाचावयास लावला.